गाडी ऑइल खाते तेव्हा

आपल्या भाषेत तेलाचा वावर फार आहे. आपण डोळ्यांत तेल घालून राखण करतो, कोणी भांडणाच्या आगीत तेल ओततो, आणि तेलही गेले, तूपही गेले अशी गत झाली की हाती धुपाटणे उरते. परंतु ज्या तेलाविषयी मी आज लिहीत आहे त्याच्या वाट्याला आलेली म्हण निदान मला तरी ठाऊक नाही. ते म्हणजे यंत्राच्या पोटात राहणारे तेल, वंगण. दिव्यातले तेल जळते म्हणून दिसते, कढईतले तेल चवीला येते. वंगण आपल्या जागी आहे तोवर कोणाला त्याची आठवणही होत नाही. ते कमी पडू लागले की मग यंत्र कुरकुरू लागते, धूर ओकू लागते आणि धन्याच्या खिशाला कात्री लागते.

वसईच्या ज्या वाडीत माझे बालपण गेले, तेथे रहाटाची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतलेली होती. केळीच्या बागेला पाणी सोडायचे तर पहाटेच त्या इंजिनाची ठकठक सुरू होई. आमची वडीलधारी माणसे धुराचा रंग पाहून त्याची प्रकृती ओळखीत. धूर काळा असला तर डिझेल पुरते जळत नाही. पांढरा असला तर बहुधा कोठून तरी पाणी शिरले आहे. आणि निळसर असला तर इंजिन ऑइल खाऊ लागले आहे. हे तिसरे निदान ऐकले की घरातली माणसे गप्प होत. कारण त्यापुढे रिंग, पिस्टन, बोअरिंग, लेथवाला असा खर्चाचा पाढा असे. ‘ऑइल खाते’ हा शब्दप्रयोग मी प्रथम ऐकला तो तेथेच. त्याचा खरा अर्थ मात्र मला पुष्कळ वर्षांनी, आणि तोही फार दूर देशी कळला.

२०१७ सालच्या जुलै महिन्यात जर्मनीत नेकार नदीच्या खोऱ्यातील एका लहानशा गावी सहा आठवडे राहण्याचा योग आला. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी बदली म्हणून मी होतो. हा सारा मुलूख मोटारींचा. दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर स्टुटगार्ट आणि अगदी जवळ नेकारसुल्म हे कारखान्यांचे शहर. गावात एक निवृत्त गणित-शिक्षक होते. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मोजके. मी त्यांना मनातल्या मनात ‘मास्तर’ म्हणू लागलो, तेव्हा येथेही तोच शब्द वापरतो. त्यांच्यापाशी १९८६ सालची एक पोर्शे ९४४ ही स्पोर्ट्‌स कार होती. ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात तयार झाली. कंपनी स्टुटगार्टची असली तरी तिची जुळणी नेकारसुल्मच्या ऑडी कारखान्यात होत असे. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे वाटले जाते. इंजिन चार सिलिंडरचे, अडीच लिटरचे. शिक्षकाच्या पगारात अशी गाडी कशी परवडली, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “जुनी घेतली, आणि बायकोने दोन वर्षे नवा कोट घेतला नाही.”

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये महामार्गावर पाण्याचा होजपाइप फुटून गाडी तापली आणि हेड गॅस्केट उडाले. गावातच मास्तरांच्या बालमित्राचे गॅरेज होते. त्या मिस्त्रींनी इंजिन उघडले आणि उघडलेच आहे तर पिस्टनच्या रिंगाही बदलून टाकाव्यात असे ठरले. आपल्याकडे ज्याला ‘हाफ इंजिनचे काम’ म्हणतात तसे ते काम झाले. गाडी सुरू झाली, आवाजही गोड येऊ लागला. पण त्यानंतर ती ऑइल खाऊ लागली.

मास्तरांनी एक चौकटीची वही घातली होती. दर शनिवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना, त्याच सपाट जागेवर ते ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसत, पुन्हा आत घालीत आणि पाहत. किती किलोमीटर झाले आणि किती ऑइल ओतावे लागले, एवढेच दोन रकाने. दुरुस्तीपूर्वी एक लिटर ऑइल तीन हजार किलोमीटर पुरत असे. दुरुस्तीनंतरचा पहिला लिटर ९०० किलोमीटर पुरला, दुसरा ७५०, तिसरा ६५०. मी गेलो तेव्हा चौथा चालू होता आणि त्याचेही लक्षण ठीक नव्हते. गाडीच्या डिकीत ऑइलचा एक डबा कायम असे. चढावर मी मागे वळून पाहिले की काचेतून तो ओळखीचा निळसर धूर दिसे. वाडीतल्या इंजिनाची आठवण मला तेथे त्या धुराने करून दिली.

येथे थोडी यंत्राची माहिती सांगितली पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. पिस्टनला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब अडवून धरतात. खालची ती ऑइल रिंग. ती सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली पाठवते. पण सगळे नव्हे. भिंतीवर अतिशय पातळ असा एक थर तिने मागे ठेवायचाच असतो, कारण त्या थरावरूनच पिस्टन घसरत जातो. तो थर जाड झाला तर ऑइल वर जाऊन जळते. मुळीच उरला नाही तर धातूवर धातू घासून इंजिन जाम होते. म्हणजे थोडेसे ऑइल जळणे हा यंत्राचा दोष नव्हे, तो त्याचा स्वभावच आहे. हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल जळणे काही कारखानदार मर्यादेत धरतात. नव्या रिंगा तर पहिले हजार-दोन हजार किलोमीटर अधिकच खातात. भिंतीशी घासून त्यांचा आणि तिचा मेळ बसावा लागतो.

मिस्त्रींनी पहिल्या महिन्यात हेच सांगितले होते आणि ते चुकीचे नव्हते. “रिंगा बसू दे, मग थांबेल,” असे ते म्हणाले. मास्तर थांबले. पण रिंगा बसत असतील तर प्रत्येक लिटर आधीच्यापेक्षा अधिक अंतर पुरायला हवा. येथे तो कमी कमी पुरत होता. गणित शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? तरीही ते मित्राकडे पुन्हा गेले नव्हते. दर शनिवारी सायंकाळी तिघेजण मिळून स्काट नावाचा पत्त्यांचा डाव मांडीत, मास्तर, मिस्त्री आणि तिसरे एक शेजारी. हा डाव तिघांचाच असतो. मास्तरांच्या पत्नीने मला एकदा कॉफी देताना हळूच सांगितले, “फादर, दोन महिने झाले, हे डावाला गेलेले नाहीत. डोके दुखते म्हणतात.”

आता खरी अडचण ध्यानात आली. ऑइलचा प्रश्न काही लिटरांचा आणि थोड्या पैशांचा होता. मागे होती ती सहा दशकांची मैत्री. दुसऱ्या गॅरेजात गाडी नेली असती तर ते मित्राच्या पाठीमागे बोलण्यासारखे झाले असते. गप्प बसले असते तर इंजिन गेले असते. कारण ऑइलची पातळी एकदा नको तितकी खाली गेली की क्रँकची बेअरिंगे क्षणात खलास होतात. शिवाय जळलेल्या ऑइलची काजळी व्हॉल्व्हवर आणि प्लगवर बसते, धुराच्या नळीतला कॅटलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, ते वेगळेच. मास्तर या दोहोंच्या मध्ये अडकून दर शनिवारी निमूटपणे डबा उघडीत होते. आपल्या घरांतूनही असे पुष्कळदा होते. भावाभावांत, सासू-सुनांत कोठेतरी काहीतरी गळत असते. सगळ्यांना ते ठाऊक असते आणि प्रत्येकजण आपापल्या परीने वरून ओतीत राहतो.

मी त्यांना एवढेच विचारले, “ही वही तुम्ही त्यांना दाखवली आहे का?” ते म्हणाले, “वही दाखवणे म्हणजे दोष देणे.” मी म्हटले, “वहीत कोणाचे नाव कोठे आहे? नुसते आकडे आहेत.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मात्र त्यांनी मला गाडीत बसवले आणि आम्ही गॅरेजात गेलो.

मिस्त्रींनी हात पुसले, चष्मा लावला आणि वही वाचली. मग तेच म्हणाले, “रिंगा बसायला वेळ लागतो रे.” मास्तर म्हणाले, “बसत असत्या तर हे आकडे चढत गेले असते. तू पाहा, ते उतरताहेत.” मिस्त्रींनी वही पुन्हा एकदा वाचली. त्यानंतर त्या माणसाने जे केले ते पाहून मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटला. रागावले नाहीत, हसण्यावारीही नेले नाही. त्यांनी एकेक शक्यता घेऊन ती तपासायला सुरुवात केली.

प्रथम गळती. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी तो कोरडा निघाला. मग इंजिनाची श्वासनळी. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी ही नळी तुंबली किंवा तिच्या वाटेवरचा ऑइल वेगळे करणारा भाग बिघडला तर वाफेबरोबर ऑइलही हवेच्या वाटेने आत ओढले जाते. ती स्वच्छ होती. मग व्हॉल्व्हची सीले. ती गेलेली असली तर उतारावर पाय उचलून गाडी घरंगळू द्यावी आणि खाली येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा. त्या क्षणी मागून निळ्या धुराचा लोट निघतो. येथे तसे होत नव्हते. धूर निघे तो चढावर, इंजिनावर ताण असताना. शेवटी कॉम्प्रेशनची चाचणी. चारी सिलिंडरांचा दाब मोजला, तो कमी आणि असमान निघाला. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजला. दाब चढला. ऑइलने फट तात्पुरती बुजली याचा अर्थ दोष व्हॉल्व्हमध्ये नाही, रिंग आणि भिंत यांच्यामध्येच आहे.

पुढच्या आठवड्यात इंजिन पुन्हा उघडले. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, नखाला लागतील असे. मिस्त्री त्यावरून बोट फिरवीत राहिले. मग त्यांनी विशेष कामे करणाऱ्या एका कारखान्याला फोन लावला, बराच वेळ ऐकले, आणि फोन ठेवून मित्राकडे वळून म्हणाले, “मी याला लोखंड समजलो.”

या वाक्याचा अर्थ नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पुष्कळशा इंजिनांत पिस्टन फिरतो तो बिडाच्या भिंतीत. ती घासली की कारागीर दगडी होनने तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकते. मिस्त्रींनी जन्मभर हेच काम केले होते आणि उत्तम केले होते. पोर्शे ९४४ चे इंजिन मात्र बिडाचे नाही, आणि त्यात बिडाचे लायनरही नाहीत. सगळा ठोकळा ॲल्युमिनियमचा. त्यात सुमारे १७ टक्के सिलिकॉन. जर्मनीत या मिश्रधातूला ‘अल्युसिल’ म्हणतात, आणि ज्या कोल्बेनश्मिट कंपनीचे हे नाव तीही नेकारसुल्मचीच. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन इतके असले की रस थंड होताना ते सगळे त्यात सामावून राहत नाही. त्याचे बारीक, अतिशय कठीण कण वेगळे होऊन धातूभर विखुरतात. सिलिंडरचे शेवटचे काम करताना त्या कणांभोवतीचे मऊ ॲल्युमिनियम किंचित मागे सारले जाते; इतके किंचित की डोळ्याला दिसू नये. मग कठीण कण वर राहतात आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावरून धावतात. मऊ भागाच्या खोलगटीत ऑइल राहते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासू नये म्हणून पिस्टनलाही लोखंडाचा पातळ मुलामा दिलेला असतो.

अशा भिंतीवर नेहमीचा दगडी होन फिरवला की कण फुटतात, उपटून निघतात आणि मऊ ॲल्युमिनियम सगळीकडे सारवले जाते. भिंत दिसायला सुरेख दिसते, रेघाही छान उमटतात. पण रिंगांना आधार द्यायला कठीण असे काही उरत नाही आणि ऑइल धरून ठेवायला जागाही उरत नाही. म्हणूनच दर लिटराला आकडा उतरत होता. भिंत सुधारण्यासाठी जे केले त्यानेच ती बिघडली होती.

हा धातू मुळातच अवघड. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७० साली ‘शेव्हरोले व्हेगा’ ही लहान गाडी बाजारात आणली, तिचे इंजिनही अशाच मिश्रधातूचे होते. ती तापली की ठोकळा वाकडा होई, भिंतींवर ओरखडे पडत. शिवाय व्हॉल्व्हची सीले लवकर कडक होऊन तेथूनही ऑइल आत जाई. ऑइल खाण्याबद्दल ती गाडी पुरती बदनाम झाली. पुष्कळ मालकांनी अखेर लोखंडी स्लीव्ह बसवून घेतले. तोच धातू १९७७ साली पोर्शेच्या ९२८ या गाडीत आला, पुढे ९४४ मध्ये आला आणि तेथे टिकला. धातूचा प्रकार तोच. फरक पडला तो त्याला थंड ठेवण्याच्या आणि हाताळण्याच्या रीतीत.

आणि ऑइल खाणे हा काही सर्वत्र अपराधच ठरतो असे नाही. मास्तरांनी मला नेकारसुल्मच्या जुन्या गढीतले दुचाकी आणि एनएसयू गाड्यांचे संग्रहालय दाखवले. वांकेल यांच्या फिरत्या इंजिनाची पहिली गाडी, एनएसयू स्पायडर ही लहान स्पोर्ट्‌स कार, १९६४ साली याच शहरात तयार झाली. त्या इंजिनात पिस्टन नसतो. एक तिकोनी चक्र फिरते. त्याच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून तेथे मुद्दामच थोडे ऑइल जाळले जाते. आपल्याकडच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरीही पेट्रोलबरोबर ऑइल पीतच धावल्या. पेट्रोलपंपावर आपण ते मोजून घालून घेत होतो. म्हणजे ऑइल किती खाते एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. कोणते इंजिन, कशासाठी खाते, आणि काल खात होते त्यापेक्षा आज अधिक खाते की कमी, हे पाहावे लागते.

ऑगस्टअखेर मी परतलो. पुढची हकीगत पत्राने कळली. त्या विशेष कारखान्यात सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे केले, हिऱ्याच्या होनने गुळगुळीत केले आणि शेवटी सिलिकॉनच्या लेपाने घासून ते कठीण कण पुन्हा उघडे केले. मोठ्या मापाचे, लोखंडी मुलाम्याचे नवे पिस्टन बसवले. खर्चाविषयी दोघांत वाद झाला, पण उलट्या दिशेने: मिस्त्री म्हणत, सगळा मी देणार, मास्तर म्हणत, इतकी वर्षे तू माझ्याकडून मजुरी किती घेतलीस ते आधी सांग. शेवटी निम्मा-निम्मा झाला.

२०१८ च्या जूनमध्ये आलेल्या पत्रात चौकटीच्या वहीतले एक पान होते. पहिला लिटर १,४०० किलोमीटर, दुसरा २,३००, तिसरा ३,५००. आकडे चढत होते. अक्षर मास्तरांचे नव्हते. विचारले तेव्हा कळले की आता नोंद मिस्त्रीच ठेवतात, शनिवारी डावाला बसण्यापूर्वी.

आज आपल्या गावांतूनही घरोघरी गाड्या आल्या आहेत, आणि कोणाचे ना कोणाचे इंजिन उघडलेले असतेच. तेव्हा जाता जाता थोडे व्यवहाराचे. इंजिनाच्या कामानंतर वही घाला. पातळी सपाट जागेवर आणि दर वेळी सारख्याच रीतीने पाहा. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू नका. जादा ऑइल क्रँकने घुसळून फेसाळते आणि श्वासनळीवाटे जळायला जाते, मग गाडी खाते आहे असा उगाच भास होतो. पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरांत खप उतरत असेल तर धीर धरा. चढत असेल तर धीराचे नाव सांगून दिवस काढू नका. वही घ्या आणि ज्याने काम केले त्याच्याकडेच आधी जा. निदान त्याला आपले काम पुन्हा पाहण्याची संधी मिळेल, आणि पुष्कळदा तेवढीच त्याला हवी असते.